नमुन्याची सीडी

भालकीच्या बाजारात आंबेवाल्यानं फोड कापून पुढं केली की सर हात मागं घेत. "नको. चव घेतली की घ्यावं लागतंय," म्हणत, आणि न चाखताच पाटीभर आंबे घेऊन घरी येत. आंबट निघाले की अक्का एक शब्द बोलत नसत. रोज जेवताना त्यातला एक चिरून सरांच्या ताटात वाढायच्या. सर तोंड वाकडं करत खात आणि मला म्हणत, "बगा मॅडम, फसलो. पण मला कुणी फसवलं न्हाई. हे महत्त्वाचं."

यात महत्त्वाचं काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट कळलेलं नाही. सरांच्या बाबतीत माझं असंच व्हायचं.

मी उदगीरची. लग्न होऊन कर्नाटकात भालकीला आले आणि सरांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत जो कॉम्प्युटर क्लास चालायचा तिथं शिकवायला लागले. क्लास सरांचा. त्याआधी ते कॉलेजात फिजिक्स शिकवत. ती नोकरी त्यांनी कामून सोडली, हे विचारलं तर एकदा म्हणाले, "तिथं घंटा झाली की शिकवणं थांबवावं लागतंय." पुन्हा कधी विचारलं तर म्हणाले, "तिथं पोरं घंटा व्हायच्या आदीच उठून जायलेत." अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, कन्नड शाळेत शिक्षिका होत्या. घर त्यांच्या पगारावर चालायचं. अख्खी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. माहेर कन्नड, त्यामुळं मराठी बोलताना प्रत्येक वाक्य हिशेबानं मोजून ठेवल्यासारखं बोलायच्या. मला त्यांच्या बोलण्याचा धाक वाटायचा.

सर मूळचे कोहिनूर गावचे, धनगराच्या घरचे. वडील ओव्या म्हणणाऱ्यांच्या मेळ्यात ढोल वाजवायचे. सरांची बोटं कधी गप्प बसत नसत. बँकेत रांगेत उभे असले तरी खिशातल्या किल्ल्यांवर ठेका. माझ्या टेबलाशी बोलायला आले की टेबलावर ठेका, आणि सम आली की माझ्या माउसवर टिचकी. माझ्या कितीतरी फायली त्या टिचकीनं बंद झाल्या असतील.

त्या काळात आमच्या भागातली माणसं भराभर पुण्याला नि हैदराबादला जायला लागली होती. कोहिनूरच्या भजनात तबला वाजवणारा गडीही पुण्याला कुठल्याशा कंपनीच्या गेटवर राखणदार म्हणून निघाला. जायच्या आदल्या दिवशी सरांनी त्याला भालकीला आणलं, मागच्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या लावल्या आणि त्याच्याकडून तबल्याचा एकेक बोल सुटा वाजवून घेतला. बिचारा घामाघूम झाला. म्हणाला, "सर, असं एकेक अक्षर कुणी वाजवतंय का? हे म्हंजे बाराखडी म्हणून कीर्तन करावं तसं व्हायलंय."

त्या सुट्या बोलांतून सरांनी जे सॉफ्टवेअर केलं त्याचं नाव 'साथ'. कॉम्प्युटरवर लावलं की तंबोरा सुरू व्हायचा आणि वर तबल्याचा ठेका. ताल निवडा, लय निवडा, गाणाऱ्याच्या गळ्याला मानवेल ती पट्टी निवडा. गावात तबलजी उरला नाही तरी भजन थांबायला नको, एवढाच सरांचा हेतू. कॉम्प्युटर तरी कुठं होते गावात? पण होते. पुण्याला गेलेल्या पोरांनी जुने झाले म्हणून घरी पाठवलेले, टीव्हीशेजारी क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेले. शिवाय बिदर, गुलबर्गा, लातूर इथले गाण्याचे मास्तर होते. मी स्क्रीनवरची बटणं काढली, तालांची नावं टाइप केली. पहिल्यांदा झपताल वाजला तेव्हा अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालंय." अक्कांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

मग प्रश्न आला विकायचा. वस्तू न बघता कुणी घेणार नाही, म्हणून आधी फुकट वाटायला नमुन्याची सीडी करायची ठरली. पण नमुन्यात किती द्यायचं?

मला वाटलं, हा अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. सरांना तो कित्येक वर्षं पुरला.

पहिल्या सीडीत त्यांनी सगळंच दिलं. "आदी माणसाला पोटभर वाजवू द्या मॅडम. गोडी लागली की येतंय आपसूक." लोकांना गोडी लागली. फोन यायला लागले, "सर, लई भारी केलाव!" सर खूश होऊन विचारत, "मग घेता का?" पलीकडून आश्चर्यानं उत्तर यायचं, "हाय की आमच्याकडं. तुमीच दिलाव न्हाई का?" सर फोन ठेवून माझ्याकडं बघत आणि म्हणत, "बरोबर हाय त्यांचं." बरोबर होतंच. मग आम्ही चुकलो कुठं, हे मात्र ते सांगत नसत.

दुसऱ्या सीडीत ठेका थोडा वेळ वाजून आपोआप थांबायचा. ती सीडी खटकचिंचोळीच्या सप्ताहात पोचली. देवळात कॉम्प्युटर मांडला, अभंग रंगात आला आणि मध्येच तबला गप्प. लाइट गेली म्हणून सगळ्यांनी वर बघितलं तर बल्ब चालू. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याचा फोन आला. "सर, तुमचं मशीन दमतंय हो. जरा मजबूत करा." हा नमुना आहे, पैसे भरून घेतलेलं थांबत नाही, हे मी त्यांना परोपरीनं समजावलं. "व्हय व्हय," म्हणाले, "पण आता दमलेलं बघितलंय ना आमी." ती गोष्ट गावोगाव झाली. दमणारं मशीन कोण घेणार?

त्यानंतर सर महिनाभर बाजारात हिंडत होते. हलवाई किती मिठाई चाखायला देतो, कलिंगडवाला केवढा त्रिकोण कापून दाखवतो, कापडवाला ताग्याची किती घडी मोडतो. स्वतः काही चाखायचं नाही, नुसतं उभं राहून बघायचं. हलवायानं एकदा अक्कांना विचारलं, "सरांची तब्येत बरी हाय ना?" बिदरहून मंगळवारी एक म्हातारा अत्तरवाला यायचा. तो कापसाचा बोळा अत्तरात बुडवून गिऱ्हाइकाच्या कानात ठेवायचा. सरांनी त्याला विचारलं, "कित्ता टिकता ये?"

"शाम लग," अत्तरवाला म्हणाला.

"फिर कल फोकट का लेने को आया तो?"

"आने दो ना सर. खुशबू मुफत है. दाम शीशी का है."

सर धावतच क्लासात आले. "मॅडम, सापडलं! वेळ बांधायची न्हाई, दिवस बांधायचे. सगळं द्यायचं, पण ठरल्या दिवशी वास उडून जायला पायजे." तिसरी सीडी तशी केली. सांगितलेले दिवस संपले की 'साथ' उघडायचीच नाही. पण लोकांनी काय करावं? कॉम्प्युटरची तारीख मागं न्यायची. आळंदच्या एका संगीत शिक्षकांनी तर शाळेच्या कॉम्प्युटरची तारीख कायमची मागं ठेवली, आणि शाळेचे निकाल छापले तेव्हा त्यावर अशी तारीख पडली की तेव्हा ती पोरं आधीच्याच वर्गात होती. शाळेत गोंधळ उडाला. त्या मास्तरांनी आम्हाला फोन करून हे सगळं स्वतःच हसत हसत सांगितलं. मला राग आला. सर मात्र खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागले. "बगा, माणूस काळ मागं फिरवायलाय, पण विकत घेईना! कामून, मॅडम? त्याला आवडलंय म्हून फिरवायलाय ना?" त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता का दुःख, ते मला सांगता येणार नाही.

चौथ्या सीडीची कथा मी कुणाला सांगितली तर पटत नाही. त्यात सगळं होतं, कायमचं होतं. फक्त दर थोड्या वेळानं ठेक्याच्या वर सरांचा आवाज यायचा, "हा नमुना आहे. पूर्ण प्रत घ्यावी." पाठोपाठ तेच अक्कांच्या आवाजात कन्नडमधून, शाळेतल्या पोराला कान धरून सांगावं तसं. लोक वैतागून तरी विकत घेतील, असा सरांचा कयास. कोहिनूरच्या भजनवाल्यांनी मात्र ते दोन्ही आवाज भजनातच बसवले. अक्कांचं वाक्य आलं की सगळे मिळून "व्हय अक्का!" म्हणायचे आणि पुढचं कडवं धरायचे. सर गावी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "आता पूर्ण प्रत घेता का? त्यात मधीमधी बोलणं येत न्हाई."

भजनप्रमुख म्हणाले, "तुमचा आवाज न्हाई? अक्काचाबी न्हाई? मग ती घेऊन काय करायचं?"

हे ऐकून अक्का त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर पोट धरून हसल्या. पण हसणं ओसरल्यावर त्यांनी सरांना विचारलं, "अहो, तुमाला हे विकायचं हाय ना नक्की?"

"व्हय की."

"मग बरं. मी नुसतं विचारलं."

पाचवी सीडी मात्र चालली. चालली म्हणजे सुसाट चालली. यात सगळे ताल, सगळ्या लयी, कसलीही मुदत नाही, कुणाचा आवाज नाही. फक्त पट्टी एकच, पेटीवरची काळी एक. बाकीच्या अकरा पट्ट्या पडद्यावर दिसायच्यासुद्धा नाहीत. सरांची स्वतःची पट्टी काळी एक, म्हणून तीच उघडी ठेवलेली. सरांचं म्हणणं असं की, गाणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या पट्टीत फार दिवस राहवत नाही, बूट लागायला लागला की माणूस मापाचा बूट घ्यायला येतो. आणि खरंच लोक यायला लागले. लातूरहून, सोलापूरहून, पुण्याहून मनीऑर्डरी. पोस्टमन सरांना हाक मारायचा ती गल्लीच्या तोंडापासूनच. हैदराबादहून एक संगीताच्या साहित्याचे ठोक व्यापारी येऊन बसून गेले. ते म्हणाले, "सर, नमुना ऐसाच होना. थोडा चुभना चाहिए. ऐसाच रखे तो मैं पूरे आंध्र में डालता." सरांनी मान डोलावली. अक्कांनी त्या दिवशी शिरा केला. त्या घरात पाहुण्यासाठी नाही, घरच्यांसाठी गोड झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

त्याच आठवड्यात ती बाई आली.

आळंदच्या पलीकडं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून खजुरी गाव आहे. तिथल्या अंगणवाडीत काम करणारी, पस्तिशीची असेल. सोबत भाऊ होता. पुण्याहून त्यानं कॉम्प्युटर आणला होता आणि कुणाकडून तरी आमची नमुन्याची सीडी. मला वाटलं पूर्ण प्रत घ्यायला आलेत, म्हणून मी पावती पुस्तक पुढं ओढलं. बाई म्हणाली, "घ्यायला न्हाई आलाव मॅडम. सरांना विचारायचं होतं."

सर समोर येऊन बसले.

"मशीन बरं हाय सर," ती म्हणाली. "माजाच आवाज मोडलाय. तुमी शास्त्र शिकलेले, म्हून भाऊ म्हणला त्यांनाच विचारू. आवाज जाग्यावर आणायला काही औषध असतंय का?"

"झालं काय पण?"

"खाली जावं तर आवाजच निघंना. वर घ्यावं तर घसा फाटायलाय. आदी असं नव्हतं. टाळावर गायचे तवा बायका म्हणायच्या, तूच धर. मशीन आल्यापसनं एक ओळ धड जाईना. मशीन काय चुकत न्हाई. मग मीच चुकायले असंन." ती थोडं थांबली. "गुरुवारच्या भजनाला जायाचं सोडलंय मी. लोकाचं कामून बिगडवायचं?"

सरांची बोटं टेबलावर वाजत होती, ती थांबली. एवढ्या वर्षांत मी त्यांची बोटं अशी थांबलेली बघितली नव्हती. ते उठून माझ्या कॉम्प्युटरवर बसले, पूर्ण प्रत उघडली आणि पट्टी एकेक करत वर न्यायला लागले. तंबोऱ्याचा सूर चढत गेला. पांढरी पाचला, बायकांच्या गळ्याच्या पट्टीला, थांबले. "गा," म्हणाले.

"हितं?"

"हितंच."

तिनं भावाकडं बघितलं, पदर नीट केला आणि एक जुना अभंग धरला. पहिली ओळ घाबरत गेली. दुसऱ्या ओळीला ती स्वतःच दचकली. मग तिनं डोळे मिटले. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण क्लासातली पोरं टाइप करायची थांबली होती हे मी बघितलं. अक्का आतून पीठ लागलेल्या हातानं आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

अभंग संपला. बाईनं पडद्याकडं बोट केलं. "हे कुठं होतं सर?"

"आतच होतं."

"मग आमच्यात दिसलं कामून न्हाई?"

"बंद केल्तं."

"कुणी?"

"मी."

"कामून?"

सरांकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, बऱ्याचदा दोन असायची. या प्रश्नाला ते उठले आणि कपाटातून पूर्ण प्रतीची सीडी काढायला लागले. बाई रागावली नव्हती. मोठ्या शिकलेल्या माणसाचं काहीतरी कारण असणार, आपल्याला कळायचं नाही, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. सरांना तेच जास्त लागलं असावं. त्यांनी सीडी तिच्या हातात दिली. ती घेईना. अक्का पुढं झाल्या, सीडी तिच्या पिशवीत घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "गुरुवारी जायाचं. काय?"

"व्हय अक्का," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी एका पट्टीची सीडी बंद केली. हैदराबादच्या व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं, नमुना बदलला आहे, आता सगळं उघडं राहील. तो आधी हसला, मग चिडला, मग त्यानं फोन ठेवला आणि पुन्हा कधी केला नाही.

मी सरांशी भांडले. भांडले म्हणजे आवाज चढवून बोलले, एवढंच. "सर, दोन पट्ट्या उघड्या ठेवू. एक पुरुषाची, एक बाईची. झालं की!"

"लेकरांची?"

"मग तीन ठेवू."

"मॅडम, ज्यांनी घेतलं त्यांची गिणती हाय आपल्याकडं. जे गप झाले त्यांची कोण केलाय? ती बाई भावाला घेऊन हितवर आली म्हून कळलं. न आलेल्या किती?"

"सर, पण ज्यांनी घेतलं ते गातातच ना? त्यांचं काय वाईट झालं?"

"काहीच न्हाई."

"मग?"

"तेच मला कळंना झालंय," सर म्हणाले.

अक्कांकडं मी आशेनं बघत होते. त्यांनी काही बोलावं असं वाटत होतं. त्या भाजी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "मी नको म्हणले नसते. पण विचारायचं तरी मला." त्या उठून आत गेल्या आणि दोन दिवस त्यांच्याशी फक्त कन्नडमधून बोलल्या.

मनीऑर्डरी हळूहळू आटल्या. पोस्टमन सायकलवरूनच हात करून पुढं जायला लागला. आणि सरांच्या डोक्यात नवीनच शिरलं. ज्या ज्या गावच्या महिला भजनी मंडळाला एका पट्टीची सीडी गेली होती तिथं जायचं आणि कुणी गाणं सोडलं आहे का बघायचं. "बायकांत तुमी एकटे जाऊन काय विचारणार?" म्हणत अक्काही निघाल्या. मला का नेलं, माहीत नाही. मी गेले खरी.

रविवारी-रविवारी आम्ही एसटीनं हिंडलो. एका गावात बायकांनी चहा केला, गप्पा मारल्या आणि शेवटी कळलं की सीडी कुणी लावलीच नव्हती. "आमाला टाळ हाय की सर. मशीन कामून लावायचं?" खटकचिंचोळीच्या शिवारात आमची सीडी दोऱ्याला बांधून ज्वारीच्या रानात टांगलेली होती. वाऱ्यानं फिरायची, ऊन परतवायची आणि पाखरं लांब राहायची. शेताची मालकीण म्हणाली, "लई कामाची हाय तुमची सीडी. अजून हायत का?" अक्का तोंडाला पदर लावून बाजूला गेल्या. दुसऱ्या एका गावात एक म्हातारी म्हणाली, "गाणं? व्हय, सोडलं की." सर पुढं सरकून बसले. "कामून सोडलं मावशी?" "सुनंचं बाळंतपण आलं. आता लेकरू सांभाळावं का अभंग?"

शेवटी खजुरीला गेलो. तिचं घर सापडलं, पण दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "नवऱ्यासंगं पुण्याला गेली. तिकडं कामाला लागलेत दोघं."

"जायच्या आदी भजनाला येत होती का?" सरांनी विचारलं.

"एक दोनदा आल्ती वाटतं. का आली नव्हती? आता काय ध्यानात न्हाई बाप्पा."

"गात होती का पण?"

"घरात गात असली तर मला काय ऐकू येणार? माजी गिरणी चालू असती दिवसभर."

फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही तिघं दगडावर बसलो होतो. सर म्हणाले, "मॅडम, कुणीच गाणं सोडलं न्हाई म्हणायचं. मग मला बरं कामून वाटंना?"

अक्का रस्त्याकडं बघतच म्हणाल्या, "तुमचं कुणी लावलंच न्हाई म्हून."

सरांनी त्यांच्याकडं वळून बघितलं. मला वाटलं आता भांडण होणार. सर म्हणाले, "व्हय. तसंच असंन," आणि सरकून अक्कांच्या पिशवीला आपल्या शेजारी जागा केली.

पुढं क्लासही थंड पडला. गल्लोगल्ली क्लास झाले, घरोघरी कॉम्प्युटर आले. सरांनी गुलबर्ग्याच्या एका डिप्लोमा कॉलेजात नोकरी धरली, अक्कांनी तिकडं बदली करून घेतली. जायच्या आधी सरांनी 'साथ' नेटवर टाकून दिली, कुणीही घ्यावी अशी. सुरुवातीला सरांचं नाव नि भालकीचा पत्ता दाखवणारा मी केलेला एक पडदा होता, तोही काढून टाकला. "ठेका लगेच सुरू व्हायला पायजे. नाव वाचत कोण बसणार?" मला त्याचं वाईट वाटलं. सरांना वाटलं का, विचारलं नाही.

आम्हीही पुण्याला आलो. मुलगी चौथीत गेल्यावर तिला शेजारच्या सोसायटीतल्या गाण्याच्या क्लासात घातलं. पहिल्या दिवशी सोडायला गेले तर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ठेका चालू होता. बटणं मी काढलेली, तालांची नावं मी टाइप केलेली. रूपक लिहिताना माझ्याकडून रू ऱ्हस्व पडला होता, तो तसाच होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे आमच्या सरांनी केलंय. भालकीच्या."

शिकवणाऱ्या ताई कौतुकानं म्हणाल्या, "हो का? आम्हाला वाटलं हे कॉम्प्युटरबरोबरच येतं. घड्याळ असतं, कॅल्क्युलेटर असतो, तसं."

घरी येऊन मी सरांना फोन लावला. फोन लावेपर्यंत मला ठरवता आलं नाही की ही बातमी आनंदाची म्हणून सांगायची का कशी. म्हणून जसं झालं तसं सांगितलं. ताई काय म्हणाल्या तेही शब्दाला शब्द सांगितलं. पलीकडून कसला तरी आवाज आला, घशातला. मी "सर? सर?" करत राहिले. थोड्या वेळानं फोनवर अक्का आल्या.

"कोण? तू हैस व्हय. काय सांगितलीस ग त्यांना?"

"कामून अक्का? काय झालं?"

"मी स्वयंपाकघरात होते. भिंतीकडं तोंड करून उभे हायत. खांदे हलायलेत नुसते. हसायलेत का रडायलेत, मला हितनं कळंना."

"अक्का, मलाही कळंना."

"थांब. बघून येते," त्या म्हणाल्या आणि फोन न कापताच टेबलावर ठेवून गेल्या. मी कानाला लावून बसले. आत दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, कन्नडमधून, हळू. शब्द लागत नव्हते. मुलगी जेवायला हाका मारत होती. मी हातानंच तिला थांब म्हणून खुणावलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.